टीव्ही आणि रेडिओ: सार्वजनिक हवेत की पूर्ण खासगी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक प्रसारण म्हणजे सरकारी प्रसारणच ना?

नाही, आणि या विषयावरची निम्मी भांडणं इथेच अडकतात. सरकारी वाहिनी हा खात्याचा एक विभाग असतो. प्रमुखाची बदली मंत्रालय करतं, पैसा खात्याच्या तरतुदीतून येतो, आणि बातमीपत्रात पहिली बातमी कोणती हे वरून सांगता येतं. सार्वजनिक वाहिनी लोकांच्या मालकीची असली तरी तिचं काम कायद्यात किंवा सनदेत लिहिलेलं असतं, कारभार मंडळ बघतं, आणि मंडळाला डावलून मंत्र्याला संपादकाकडे फोन फिरवता येऊ नये अशी रचना असते. फोन फिरतातच. फरक एवढा, की तिथे संपादकाला 'नाही' म्हणून खुर्चीवर टिकता येतं.

ब्रिटनच्या बीबीसीची सुरुवात खासगी होती. १९२२ मध्ये रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ती काढली, कारण संच खपायचे तर हवेत ऐकण्यासारखं काहीतरी असायला हवं. १ जानेवारी १९२७ पासून ती राजसनदेखालचं महामंडळ झाली. भारतातही १९२७ मध्ये खासगी कंपनीनेच नियमित प्रसारण सुरू केलं होतं. ती १९३० मध्ये बुडाली, सरकारने केंद्रं ताब्यात घेतली आणि पुढची कित्येक दशकं प्रसारण सरकारी खात्यातच राहिलं. दोन्हीकडे आरंभ खासगी आणि शेवट सरकारच्या दारात, पण एक सनदेकडे गेली आणि दुसरी खात्याकडे. तो फरक आपण अजून निस्तरतो आहोत.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे, हेही त्या निकालात स्पष्ट होतं.

गोल गोल नको, थेट सांगा: काय असावं?

मिश्र व्यवस्था. खासगी वाहिन्या भरपूर, आणि त्यांच्या शेजारी किमान एक अशी सार्वजनिक संस्था जिचा पैसा आणि नेमणुका दोन्ही सरकारच्या रोजच्या हाताबाहेर आहेत. ही दुसरी अट पाळायची तयारी नसेल, तर सार्वजनिक वाहिनीच्या नावाने जे चालतं ते प्रचारखातं. त्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून सगळंच खासगी करून टाकणं हे गळक्या नळाला वैतागून पाणीच तोडण्यासारखं आहे. का, ते पुढच्या उत्तरांत.

वर्तमानपत्र कुणीही काढतं. मग प्रसारणात सरकारचा संबंधच कशाला?

कारण छापखाने कितीही निघू शकतात, फ्रिक्वेन्सी मोजक्याच असतात. एफएमचा पट्टा बहुतेक जगात ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण २०.५ मेगाहर्ट्झ. एकाच शहरातल्या दोन शक्तिशाली केंद्रांत सहसा ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, नाहीतर साध्या संचावर एक केंद्र दुसऱ्यावर चढतं. २०.५ ला ०.८ ने भागा: पंचवीसच्या आसपास केंद्रं. शेजारच्या शहराला त्याच जागा वापरता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी. कुणीतरी वाटप करावंच लागतं. अमेरिकेत १९२६ मध्ये वाटप करण्याचा कायदेशीर अधिकारच कुणाकडे उरला नव्हता, तेव्हा केंद्रं हवी ती फ्रिक्वेन्सी आणि हवी ती शक्ती वापरू लागली आणि श्रोत्यांच्या कानी शिट्ट्या आणि खरखर आली. १९२७ चा रेडिओ कायदा त्यातून आला.

वाटप करायचं म्हणजे मालकही सरकारच हवं, असं मात्र नाही. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडलं होतं की जमिनीसारखे स्पेक्ट्रमचेही, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचेही, हक्क ठरवून विकता येतील. आज मोबाइल कंपन्यांसाठी लिलाव होतात ते याच विचाराने. तेव्हा 'लहरी मर्यादित आहेत' हे नियमनाचं कारण झालं, सार्वजनिक वाहिनीचं नव्हे. तिचं खरं कारण पुढच्या उत्तरात आहे.

वाहिन्या वाढल्या की विविधता आपोआप येणार नाही का?

याचं उत्तर गणिताने द्यावं, म्हणजे मतभेदाला जागा कमी राहते.

समजा १०० प्रेक्षक आहेत. ७० जणांना मालिका हव्यात, २० जणांना बातम्या आणि माहितीपट, १० जणांना शास्त्रीय संगीत. प्रत्येक जण फक्त आपल्या आवडीचंच बघतो. सगळ्या वाहिन्या जाहिरातींवर चालतात, म्हणजे जितके डोळे तितका पैसा. पहिली वाहिनी निघते: मालिका लावते, ७० प्रेक्षक. दुसरी निघते. तिच्यापुढे दोन वाटा: मालिकांचे प्रेक्षक वाटून घ्यायचे, म्हणजे ३५, किंवा बातम्या लावून २० घ्यायचे. ती मालिका लावते. तिसरीही तोच हिशेब करते: ७० भागिले ३ म्हणजे तेवीसच्या वर, आणि बातम्यांचे २०. तिसरीही मालिका लावते. तीन वाहिन्या, एकच माल, आणि ३० जणांच्या वाट्याला काहीच नाही. चौथ्या वाहिनीला मालिकांतून साडेसतराच मिळतात, म्हणून ती पहिल्यांदा बातम्यांकडे वळते. संगीताच्या १० जणांना आठव्या-नवव्या वाहिनीपर्यंत थांबावं लागतं. याच जातीचा हिशेब पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्ये अमेरिकी रेडिओबद्दल मांडला होता.

आता गंमत बघा. त्या तिन्ही वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या, तर त्याने स्वतःचेच प्रेक्षक स्वतःकडून पळवले नसते. एकीवर मालिका, दुसरीवर बातम्या, तिसरीवर संगीत लावून त्याने पूर्ण १०० घेतले असते. म्हणजे विविधता हवी म्हणून मक्तेदारी? तिचे इतर धोके मोठे आहेत, म्हणून नको. पण यातून निघतं ते हे: ज्या एका वाहिनीला प्रेक्षकसंख्येची चिंता नाही, तिने मुद्दाम मोकळी जागा धरली तर तीनच वाहिन्यांत प्रेक्षकांची सोय सुधारते. सार्वजनिक वाहिनीचं आर्थिक समर्थन एवढ्यात मावतं. आणि ती वाहिनी स्वतःच टीआरपीच्या मागे धावू लागली, की हे समर्थन त्याच दिवशी संपतं.

मग वर्गणी घेणाऱ्या वाहिन्या? १० जण भरपूर पैसे देतील की.

देतील, आणि म्हणूनच वर्गणी आल्यावर चित्र बरंच सुधारलं. जाहिरातदाराला दहा डोळ्यांची किंमत दहाचीच असते. वर्गणी मात्र आवडीची तीव्रताही मोजते. शास्त्रीय संगीत, खेळ, दर्जेदार नाट्य यांना त्यामुळे बाजारात जागा मिळाली.

अडचण दोन ठिकाणी उरते. पहिली म्हणजे ज्याला परवडत नाही तो बाहेर राहतो, वास्तविक त्याला आत घ्यायला एक पैसाही जास्त लागत नाही. एकदा कार्यक्रम हवेत सोडला की हजार घरांनी पाहिला काय आणि लाख घरांनी पाहिला काय, खर्च तोच. दुसरी म्हणजे ज्या गोष्टींचा फायदा न बघणाऱ्यालाही होतो त्यांना वर्गणीदार कमी मिळतो. जिल्हा न्यायालयातलं वार्तांकन, मुलांसाठी जाहिरातींविना कार्यक्रम, छोट्या भाषांतली बातमीपत्रं. आपण पैसे न देताही शेजाऱ्याच्या पैशातून भ्रष्टाचार उघडा पडणार असेल, तर आपण वर्गणी कशाला भरू?

सार्वजनिक वाहिनीचा पैसा कुठून आणावा?

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण प्रसारणाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. म्हणून प्रत्येक मार्ग तपासताना 'किती मिळतात' यापेक्षा 'कोण अडवू शकतं' हे आधी विचारावं.

संचावरची लायसन्स फी हा सर्वात जुना मार्ग. ब्रिटनमध्ये १९२२ ला रेडिओचा परवाना १० शिलिंगांना होता. पैसा थेट वाहिनीच्या नावाने गोळा होतो, त्यामुळे अर्थमंत्र्याला तो शाळा-रस्त्यांशी तोलावा लागत नाही. दोष दोन. गरीब आणि श्रीमंत सारखेच पैसे देतात, आणि 'संच आहे का' हे तपासायला माणसं दारोदार पाठवावी लागतात. शिवाय फीचा आकडा सरकारच ठरवत असेल तर दाबायचं बटण त्याच्याकडेच राहतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून दोन वर्षं फी १५९ पौंडांवर गोठवली होती आणि नेमकी त्याच काळात महागाई दोन अंकी झाली. कुणी सेन्सॉर केलं नाही, कुणाला काढलं नाही, तरी वाहिनीचं बजेट आपोआप छाटलं गेलं.

घरटी आकारणी ही त्याची सुधारित आवृत्ती. जर्मनीने २०१३ पासून संच मोजणं सोडलं आणि प्रत्येक घरावर सरसकट रक्कम लावली. मोबाइलवर बघता की टीव्हीवर, हा प्रश्नच निकाली निघाला. रक्कम किती हवी ते एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग काढतो आणि १६ राज्यांच्या विधिमंडळांनी ती मान्य करायची असते. २०२० मध्ये एका राज्याने, झाक्सेन-आनहाल्टने, महिना १७.५० वरून १८.३६ युरो करायला संमती दिली नाही. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ लागू केली. पैसे अडवणं हाही प्रसारण-स्वातंत्र्यावरचा घाला ठरू शकतो, असं ज्या देशाचं न्यायालय मानतं तिथे ही पद्धत चालते.

उत्पन्नाशी जोडलेला स्वतंत्र कर फिनलंडने २०१३ ला आणि स्वीडनने २०१९ ला आणला. गरिबावर कमी भार, वसुलीचा खर्च नगण्य. मात्र हा पैसा वेगळ्या खात्यात न जाता सरकारच्या सामान्य तिजोरीत मिसळला, की दरवर्षी वाहिनीला हात पसरावा लागतो. डेन्मार्कने २०१८ मध्ये फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं आणि त्याच समझोत्यात सार्वजनिक वाहिनीचा पैसा पाच वर्षांत २० टक्के कमी करायचं ठरवलं. पद्धत बदलताना रकमेवर लक्ष ठेवा, ते यासाठी.

थेट अर्थसंकल्पी अनुदान सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कच्चं. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारण महामंडळाला पैसा दोन वर्षं आगाऊ मंजूर होत असे, राजकारणाची झळ लागू नये म्हणून. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने, मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आगाऊ मंजुरी हे कुंपण होतं, भिंत नव्हती. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतात. फटका बसतो तो ज्यांच्या बजेटचा मोठा भाग या अनुदानातून येत होता त्या ग्रामीण केंद्रांना.

आमचा क्रम विचाराल तर: घरटी किंवा उत्पन्नाशी जोडलेली आकारणी, रक्कम ठरवणारा स्वतंत्र आयोग, मुदत किमान पाच वर्षं, महागाईशी जोडलेली. यातलं एखादं कमी असेल तरी निभावतं. आयोगच नसेल तर बाकी सगळं असून उपयोग होत नाही.

मी ती वाहिनी बघतच नाही. पैसे का देऊ?

रास्त तक्रार आहे, आणि 'तुमच्या भल्यासाठीच' हे तिचं उत्तर नव्हे. स्वित्झर्लंडने हा प्रश्न थेट मतदारांपुढेच ठेवला. ४ मार्च २०१८ च्या सार्वमतात आकारणी रद्द करायचा प्रस्ताव ७१.६ टक्के मतांनी फेटाळला गेला. तिथे चार राष्ट्रभाषा आहेत आणि रोमान्शसारख्या छोट्या भाषेत जाहिरातींवर वाहिनी चालणं अवघड, हे मतदारांना दिसत होतं. पण नुसतं जिंकून विषय संपला नाही: पुढच्या वर्षी आकारणी ४५१ वरून ३६५ फ्रँकवर आणली गेली. लोकांनी संस्था ठेवली, बिल कमी केलं.

सार्वजनिक वाहिनीने जाहिराती घ्याव्यात का?

शक्यतो नको. वरचं मालिकांचं गणित तिलाही लागू होतं: उत्पन्नातला जाहिरातींचा वाटा वाढला की प्राइम टाइम खासगी वाहिन्यांसारखा दिसू लागतो, आणि मग 'दोघांत फरक काय' असा प्रश्न येतो ज्याला उत्तर उरत नाही. जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीला जाहिरातींची कायद्यानेच बंदी आहे. स्पेनने २०१० पासून आपल्या आरटीव्हीई या सार्वजनिक वाहिनीवरच्या जाहिराती बंद केल्या आणि त्याबदल्यात खासगी वाहिन्या व दूरसंचार कंपन्यांवर आकारणी बसवली.

एक अपवाद अभ्यासण्यासारखा आहे. ब्रिटनची चॅनल ४ ही १९८२ पासून सरकारी मालकीची आणि तरी जाहिरातींवर चालणारी. तिला भागधारकांना नफा वाटायचा नसतो, आणि सुरुवातीपासून ती कार्यक्रम बाहेरच्या स्वतंत्र निर्मात्यांकडून घेत आली. वेगळं, प्रयोगशील दाखवण्याचं बंधन तिच्या परवान्यातच आहे. म्हणजे जाहिरात हे विष नाही; बंधन न लावता सोडलेली जाहिरात घातक. ती विकायची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये सोडून दिली गेली.

एखादी वाहिनी खरंच स्वायत्त आहे की नावापुरती, हे कसं ओळखायचं?

जाहीरनामा वाचू नका, कायदा वाचा. तासाभराचं काम आहे.

आधी नेमणुकांचं कलम काढा. मंडळावर माणसं कोण नेमतं, त्यात सत्ताधाऱ्यांची मतं किती? जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०१४ मध्ये झेडडीएफ या तिथल्या सार्वजनिक वाहिनीबद्दल निकाल देताना सरकार आणि राजकारणाशी संबंधित सदस्य एकतृतीयांशाहून जास्त नकोत अशी मर्यादा घातली. आपल्याकडचा कायदा या पट्टीने मोजून बघा. मग काढून टाकण्याचं कलम. याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि खरी चावी तिथेच असते. नेमणूक कितीही सोज्वळ असो, 'कार्यक्षमता समाधानकारक नसल्यास' असं मोघम कारण देऊन प्रमुखाला घरी पाठवता येत असेल तर तो रोज सकाळी कुणाचं तोंड बघून काम करेल हे सांगायला नको. मुदतींचाही मेळ तपासा: सगळ्या सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपते, की दर दोन वर्षांनी एकतृतीयांश बदलतात? सगळे एकदम जात असतील तर एका निवडणुकीत अख्खं मंडळ पालटतं.

त्यानंतर पैसा: कोण ठरवतं, किती वर्षांसाठी. शेवटी अंमलबजावणीची तारीख. भारतात आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि लागू झाला १९९७ मध्ये. सात वर्षं कायदा होता आणि महामंडळ नव्हतं.

कागद झाला की एक प्रत्यक्ष चाचणी. सलग सात दिवस रात्रीचं मुख्य बातमीपत्र घड्याळ लावून बघा. सरकारमधल्या माणसाचा आवाज किती सेकंद, विरोधकाचा किती, आणि सरकारवरच्या टीकेची बातमी कितव्या क्रमांकावर, एवढं वहीत लिहा. एका दिवसावरून काहीच कळत नाही, कारण त्या दिवशी खरोखरच मोठी सरकारी घोषणा असू शकते. सात दिवसांत नमुना उघडा पडतो.

खासगी मालक तरी कुठे स्वतंत्र असतो?

अगदी बरोबर, आणि हाच मुद्दा 'पूर्ण खासगी'वाल्यांच्या मांडणीत गायब असतो. खासगी वाहिनीवर दबाव चार दारांनी येतो: मालकाचे इतर धंदे, मोठे जाहिरातदार, परवान्याचं नूतनीकरण आणि सरकारी जाहिराती. शेवटची दोन दारं सरकारच्याच हातात आहेत. वाहिनी खासगी केली म्हणून सरकार बाहेर गेलं, असं होत नाही. ते मागच्या दाराने येतं.

इटलीत १९७६ मध्ये घटना न्यायालयाने स्थानिक पातळीवर खासगी प्रसारणाला वाट दिली. मालकीवरची मर्यादा कायद्यात यायला १९९० उजाडलं, तोवर सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांच्या हाती तीन राष्ट्रव्यापी खासगी वाहिन्या होत्या. १९९४ मध्ये ते पंतप्रधान झाले, आणि राई या सार्वजनिक वाहिनीवरही सरकारचा प्रभाव आला. दोन्ही बाजू एका माणसापाशी. यातून शिकायचं ते क्रमाचं: आधी मालकीची कमाल मर्यादा, मग परवाने. उलट केलं की मर्यादा घालणाऱ्यालाच मालक निवडून आणतो.

आणि खासगी म्हणजे मुक्त असंही नाही. भारतात खासगी एफएम केंद्रं २००१ पासून आहेत, पण त्यांना स्वतःचं बातमीपत्र काढता येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे देता येतात. मालकी खासगी, बातमी सरकारी: असंही मिश्रण असतं.

सार्वजनिक वाहिनी ताब्यात घेतली जाते ती नेमकी कशी?

रणगाडे क्वचितच येतात. पोलंडमध्ये जानेवारी २०१६ मध्ये कायदा बदलून सार्वजनिक टीव्ही आणि रेडिओच्या प्रमुखांच्या नेमणुका व बडतर्फीचा अधिकार थेट मंत्र्याकडे दिला गेला. पुढची आठ वर्षं बातम्यांचा सूर सत्ताधाऱ्यांचा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये नवं सरकार आलं, त्याने जुने प्रमुख काढले, वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण तोडलं आणि कंपनी अवसायनात काढली, म्हणजे ती गुंडाळण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू केली. दुरुस्तीचा मार्गही कायदेशीर वादात सापडला. एकदा कुलूप तोडलं की नंतरच्या प्रत्येकाला ते तोडणं सोपं जातं.

मग बंद करून नव्याने सुरू केलं तर?

ग्रीसने करून पाहिलं. ११ जून २०१३ ला सरकारने ईआरटी ही सार्वजनिक वाहिनी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री पडदा काळा झाला. कारण खर्चकपातीचं होतं. कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं, सत्ताधारी आघाडीतला एक पक्ष बाहेर पडला, २०१४ मध्ये नव्या नावाने नवी संस्था उभी केली गेली, आणि ११ जून २०१५ ला पुन्हा ईआरटीच सुरू झाली. दोन वर्षांत तीन संस्था.

दुर्गम भागात खासगी वाहिनी पोहोचणार नाही का? मनोरे तर आता स्वस्त झालेत.

मनोऱ्याची किंमत हा त्यातला छोटा भाग. एफएम आणि टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अंतराचा ढोबळ हिशेब असा: मनोऱ्याच्या उंचीचं वर्गमूळ आणि घरावरच्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये, यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. १०० मीटरचा मनोरा आणि १० मीटरवरची अँटेना: १० अधिक ३.१६, गुणिले ४.१२, म्हणजे ५४ किलोमीटर. मनोरा दुप्पट, २०० मीटरचा केला तर? ७१ किलोमीटर. उंची दुप्पट, खर्च दुपटीहून जास्त, पल्ला फक्त १७ किलोमीटरने वाढला. हेही सपाट भूमीवर. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या खोऱ्यासाठी वेगळा ट्रान्समीटर, वीज, डिझेल जनरेटर आणि वीज पडल्यावर चढून जाणारा माणूस. तो खर्च खोऱ्यात चारशे घरं असोत की चार लाख, तेवढाच. जाहिरातीचं उत्पन्न मात्र घरांच्या प्रमाणात.

उपग्रहाने बरंच सोपं केलं हे खरं. पण डिश लागते, वीज लागते, आणि स्थानिक बातमी, म्हणजे कोणता पूल वाहून गेला, हे उपग्रहावरची राष्ट्रव्यापी वाहिनी सांगत नाही. 'सगळं खासगी' करायचं असेल तर परवान्यात लोकसंख्येच्या टक्क्यांनी नव्हे, भूभागाच्या टक्क्यांनी व्याप्तीची अट लिहा. लोकसंख्येच्या ९५ टक्क्यांत शहरं झाली की काम भागतं. उरलेल्या ५ टक्क्यांत अर्धा नकाशा असू शकतो.

इंटरनेट आल्यावर या वादाला अर्थ उरला आहे का?

उरला आहे, फक्त जागा बदलली. मनोऱ्यावरून सोडलेला कार्यक्रम श्रोता एक असो की दहा लाख, तेवढ्याच विजेत जातो. इंटरनेटवर सहसा प्रत्येकाला वेगळी धार द्यावी लागते: दहा लाख प्रेक्षक, प्रत्येकी ५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ५ टेराबिट. जाळं एरवी हे पेलतंही. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली तेव्हा मोबाइल जाळी कोलमडली आणि लोक बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमले. आणीबाणीसाठी हवेतला रेडिओ राखून ठेवायचा असेल तर एरवीच्या ३६४ दिवसांचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न जाहिरातदाराला विचारून उपयोग नाही.

नवी लढाई टीव्हीच्या मुख्य पडद्यावर कोणतं बटण आधी दिसतं याची आहे. वाहिनी सार्वजनिक असून तिसऱ्या पानावर ढकलली गेली, तर मालकी कागदावरच राहते.

क्रिकेट-फुटबॉलचे हक्क सगळे खासगीकडे गेले तर?

त्यासाठी वाहिनीची मालकी बदलावी लागत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याखाली महत्त्वाच्या सामन्यांची यादी आहे, म्हणजे ते फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांनाही मिळावेत. भारतात २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. यादी छोटी ठेवावी. लांबली की हक्कांची किंमत पडते आणि खेळाच्या संघटनेचंच नुकसान होतं.

सार्वजनिक आणि खासगी सोडून तिसरा मार्ग आहे का?

सामुदायिक रेडिओ. गावची संस्था, विद्यापीठ, शेतकरी गट यांनी ना-नफा चालवलेलं छोटं केंद्र. भारताच्या २००६ च्या धोरणात प्रसारणशक्तीची मर्यादा १०० वॉट आणि अँटेनाची उंची कमाल ३० मीटर ठेवली आहे. पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटर. ही केंद्रं ट्रान्समीटर बिघडल्याने कमी आणि तिसऱ्या वर्षी प्रकल्पनिधी आटल्याने जास्त बंद पडतात. सुरुवातीच्या यंत्रखर्चाइतकीच रक्कम दुरुस्ती आणि मानधनासाठी बाजूला काढून ठेवणारी टिकतात.

विकायचंच ठरलं तर काय विकावं, काय राखावं?

प्रसारण ही एक वस्तू नाही. मनोरे, स्टुडिओ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमांचा संग्रह, आणि बातमी विभाग: पाच वेगळ्या गोष्टी. मनोरे विकायला हरकत नाही. बीबीसीने ब्रिटनमधलं प्रक्षेपणाचं जाळं १९९७ मध्ये विकलं आणि कार्यक्रम सार्वजनिकच राहिले. अट फक्त भाड्याच्या नियमनाची, कारण डोंगरमाथा एकच असतो आणि त्याचा मालक मागेल ते भाडं द्यावं लागतं. संग्रह मात्र कधीच विकू नये. दशकांची ध्वनिमुद्रणं एकदा खासगी तिजोरीत गेली की अभ्यासकालाही मिनिटावर पैसे मोजावे लागतात, आणि डिजिटल करायला परवडत नाही म्हणून टेप तिथेच खराब होतात. फ्रान्सने १९८७ मध्ये टीएफ१ ही आपली सगळ्यात जास्त पाहिली जाणारी वाहिनी विकली, पण सार्वजनिक संग्रह राष्ट्रीय संस्थेकडे स्वतंत्र होता आणि राहिला.

'सार्वजनिक वाहिनी कुणी बघतच नाही' असा आकडा दाखवला जातो. तो कसा वाचावा?

आधी विचारा, आकडा हिश्शाचा (बघण्याच्या एकूण वेळातला वाटा) आहे की पोहोचीचा (किती घरं बघतात). शंभर घरं घ्या. पहिली वाहिनी ८ घरांत रोज पाच-पाच तास चालते: ४० तास. दुसरी ५० घरांत रोज वीस मिनिटं, म्हणजे फक्त बातम्यांपुरती: १७ तासांहून थोडं कमी. हिश्शाच्या तक्त्यात पहिली दुसरीच्या दुपटीहून पुढे दिसते. पोहोचीच्या तक्त्यात पहिली ८ टक्के, दुसरी ५० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरात विकणारा पहिला तक्ता काढतो. पूर आल्यावर सूचना कोणत्या वाहिनीवरून द्यायची हे ठरवणाऱ्याला दुसरा लागतो.